घरातला टेबल पाम : खर्च किती आणि कशावर?

नर्सरीत ‘टेबल पाम’ म्हणून मिळणारं रोप बहुधा चामेडोरिया एलेगन्स असतं. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या वर्षावनात ते उंच झाडांच्या सावलीत वाढतं, म्हणून थेट ऊन न येणाऱ्या फ्लॅटमध्येही छान रुळतं. वाढ संथ, त्यामुळे छोट्या घरातही ते वर्षानुवर्षं मावतं.

सुरुवातीचा अंदाजे खर्च (शहर आणि नर्सरीनुसार भाव बदलतात)
- दीड फुटाचं भरगच्च रोप : २५० ते ४०० रुपये
- तळाला भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी आणि बशी : ८० ते १५० रुपये
- कोकोपीट, गांडूळखत, जाडी वाळू : १५० ते २५० रुपये
- कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली : १०० ते १५० रुपये

म्हणजे ५८० ते ९५० रुपयांत काम होतं. पुढे खत आणि फवारणीला वर्षाकाठी दोन-अडीचशे रुपये पुरतात.

घेताना काय पाहाल?
याच्या नावावर कधीकधी अरेका पाम गळ्यात मारला जातो. अरेकाचे देठ पिवळसर असतात, त्याला उजेड जास्त लागतो आणि तो झपाट्यानं छताकडे जातो. चामेडोरियाचे देठ बारीक आणि हिरवे असतात. एका कुंडीत अनेक रोपं एकत्र लावलेली असतात. ती वेगळी करू नका, मुळं दुखावली की रोपं मान टाकतात. पानं उलटून बघा. मागे बारीक जाळी आणि पुढे फिकट ठिपके दिसले, तर तो लाल कोळी. असं रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

पैसे कुठे वाचतील?
महागड्या सिरॅमिक कुंडीची गरज नाही. पानं चकचकीत करणारे स्प्रेही नकोत, ओलं फडकं पुरे. आरओमधून बाहेर पडणारं पाणी मात्र घालू नका. त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या, पावसाळ्यात आणखी कमी. बशीत पाणी साचू देऊ नका. उंची कमी करायला शेंडा छाटू नका. शेंडा गेला की ते खोड मरतं.

रोप विषारी नाही, त्यामुळे मांजर-कुत्र्यांच्या घरातही चालतं. खिडकीपासून थोडी आत, एसीचा झोत न लागणारी जागा आधी नक्की करा आणि मगच नर्सरी गाठा.