वाचलेलें आणि आठवलेलें : मानसशास्त्राच्या पहिल्या परीक्षेची तयारी



अकरावींत मानसशास्त्र हा विषय प्रथमच घेणाऱ्या पुष्कळांची तक्रार असते कीं, "सर, पुस्तक तीनदां वाचलें, वाचतांना सर्व समजलें; पण प्रश्नपत्रिका हातीं येतांच कांहीं सुचेना." तिच्या मागोमाग दुसरें वाक्य येतें, व तें अधिक दुःखद असतें : "माझी बुद्धीच मंद असावी."

हें वाक्य एकदां मींहि उच्चारिलें आहे. शिक्षणशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करीत असतां मानसशास्त्राच्या चाचणींत मला नेमकें स्मृतीवरील प्रकरणच आठवेना! आदल्या रात्रीं दोन वाजेपर्यंत तेंच वाचीत बसलों होतों. शिक्षक होण्याची आपली योग्यता नाहीं, असें वाटून अभ्यासक्रम सोडण्याचा विचारहि मनांत आला. अध्यापकांनीं उत्तरपत्रिका परत देतांना एवढेंच विचारलें, "पुस्तक मिटून किती वेळां बसलांत?" मी निरुत्तर झालों.

त्या प्रश्नाचें मर्म त्याच प्रकरणांत होतें. जर्मनींतील हर्मन एबिंगहाउस यांनीं स्मृतीवरील आपला ग्रंथ १८८५ सालीं प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करावयाच्या व कांहीं काळानें त्याच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावयाचें, अशी त्यांची रीत होती. एका तासानें शेंकडा सुमारें ४४, एका दिवसानें ३४ व एका महिन्यानें २१ इतके श्रम वांचले. म्हणजे विस्मरणाचा वेग आरंभीं फार व पुढें मंद असतो. विसरणें हा कोणा एकट्याचा दोष नव्हे. तो मनाचा धर्मच आहे. त्यांना असेंहि आढळलें कीं, एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जें साधतें, तेंच तीन दिवसांत वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधतें.

२००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिके यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार बैठकींत वाचला. दुसऱ्यानें एका बैठकींत वाचून पुढील तीन बैठकींत तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं वाचणारे पुढें होते. परंतु आठवड्यानें त्यांस शेंकडा ४० भाग आठवला, तर लिहिणाऱ्यांस ६१. आपणांस पुष्कळ आठवेल, असा भरंवसा मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता! ओळखीची वाटणारी ओळ आपणांस येते, असा भ्रम वारंवार वाचण्यानें होतो.

मग तयारी कशी करावी?

१. प्रकरण वाचून पुस्तक मिटा व आठवेल तें कोऱ्या कागदावर लिहा. नंतर पुस्तक उघडून राहिलेलें तेवढेंच वाचा. हाच क्रम दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं व आठवड्यानें करा.

२. प्रत्येक व्याख्येस स्वतःच्या घरांतील उदाहरण जोडा. नकारात्मक प्रबलन व शिक्षा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. मूल अभ्यासास बसतांच आईचा तगादा थांबतो, म्हणून तें पुढेंहि बसूं लागतें; हें नकारात्मक प्रबलन. उनाडपणाबद्दल खेळ बंद केल्यानें उनाडपणा कमी होतो; ही शिक्षा. पहिल्यानें वर्तन वाढतें, दुसऱ्यानें घटतें.

३. नांव सुटें पाठ न करतां कार्यासह स्मरा : वुंट, लाइपझिग येथील प्रयोगशाळा, १८७९, पावलोव्ह, कुत्र्याची लाळ व अभिजात अभिसंधान, स्किनर व साधक अभिसंधान.

४. परीक्षेच्या आदल्या रात्रीं झोंप घ्या. जागरणानें लक्ष विचलित होतें व स्मृतीहि दुबळी होते.

पालकांसहि एक विनंति. मूल पुस्तकापुढें किती तास बसलें, हें मोजूं नये. रात्रीं जेवतांना प्रेमानें विचारावें, "आज काय शिकलास, मला सांग बरें." आपणांस मानसशास्त्र येत नसलें तरी चालेल; किंबहुना न येणाऱ्यास समजावून सांगतांनाच मुलास स्वतःची उणीव कळते. तें अडखळलें तर रागावूं नये. अडखळणें घरीं झालेलें बरें. तें दुरुस्त करण्यास अवधि असतो.

पुढील चाचणींत मी पहिला आलों नाहीं. पण उत्तीर्ण झालों, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे स्वतःस मंदबुद्धि म्हणणें सोडलें. मित्रहो, तो निवाडा स्वतःविरुद्ध देण्यापूर्वीं एकदां पुस्तक मिटून पाहा.