होळ : आडनावात राहिलेले गाव

इंदूरच्या राजवाड्यावरून आपण नित्य जातो. ज्या घराण्याचा तो वाडा, ते होळकर. म्हणजे होळ गावचे. या नावामागचे गाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

महाराष्ट्रात फलटणच्या परिसरात, नीरा नदीच्या काठी होळ हे लहानसे खेडे आहे. नीरा भोरच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावते व पूर्वेस वाहत जाऊन नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. पावसाचे ढग सह्याद्री अडवितो. त्यामुळे हा मुलूख पर्जन्यछायेत पडतो. आज नीरेच्या कालव्यांवर येथे उसाचे मळे डोलतात. परंतु ते कालवे इंग्रजी अमदानीतले. त्यापूर्वी बेभरवशाच्या पावसात चाऱ्यामागे फिरणारा मेंढ्यांचा कळप हाच अनेकांचा आधार होता. धनगर समाजाचे जीवन या भूमीशी असे जुळलेले होते.

अशाच एका धनगर कुटुंबात १६९३ साली मल्हाररावांचा जन्म झाला. वडील खंडोजी लवकर वारले. तेव्हा आई मुलास घेऊन खानदेशात आपले बंधू भोजराज बारगळ यांच्या आश्रयास गेली. पुढे पेशव्यांचे सरदार होऊन मल्हाररावांनी माळव्यात सत्ता स्थापिली. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाले, आणि १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत येथे होळकरांचे राज्य चालले. होळ मात्र खेडेच राहिले.

आता नकाशा उघडा. होळहून इंदुरास येताना गोदावरी, तापी व नर्मदा ओलांडाव्या लागतात. नीरेचे पाणी भीमा व कृष्णेतून, तर आपल्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना व गंगेतून वाहत जाते. आणि शेवटी दोन्ही बंगालच्या उपसागरासच मिळतात.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडेही गावावरून पडलेली आडनावे घरोघर आढळतात. १९२९ साली इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांच्या नावात गोव्याचे मंगेशी आहे. त्यांचे वडील दीनानाथ यांचे ते जन्मगाव.

इंदुरातील अनेक मराठी घरांनी पिढ्यांपूर्वी गाव सोडले. शेत गेले, वाट विसरली, उरले ते आडनाव. तेव्हा या सुट्टीत आजी-आजोबांस विचारा : आपले गाव कोणते, तेथील नदी कोणती, पीक कोणते, आणि ते का सोडले? उत्तरे वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हा अभ्यास पुरा होऊ शकतो.