'टायडल वेव्ह' : एका रूपांतराची उणीव

साक्यो कोमात्सु यांची 'निप्पोन चिम्बोत्सु' ही जपानी कादंबरी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. जपानची बेटे समुद्रात बुडतात ही तिची कल्पना. परंतु भूमी गेल्यावर राष्ट्र म्हणून काय उरते, हा तिचा खरा प्रश्न. त्याच वर्षी शिरो मोरितानी यांनी तिच्यावर चित्रपट केला. काहीच न करणे हेही कदाचित श्रेयस्कर, हे तज्ज्ञांचे मत ऐकून पंतप्रधानांचे डोळे भरून येतात, हा त्यातील प्रसंग कादंबरीच्या गाभ्याशी इमान राखणारा आहे.

१९७५ मध्ये रॉजर कॉर्मन यांच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने हा चित्रपट 'टायडल वेव्ह' या नावाने अमेरिकेत आणला. दोन तासांहून अधिक लांबीची कृती दीड तासाच्या आत बसविण्यात आली. स्वस्त आपत्तिपटावर सहसा खोट्या इमारतींचा ठपका येतो (तो पुष्कळदा रास्तही असतो). येथे मात्र विध्वंसाची दृश्ये मूळचीच होती. उणीव कात्रीची आहे. विध्वंसाला प्राधान्य मिळाले, तो सोसणाऱ्यांचा विचार आक्रसला. मूळ शीर्षकाचा अर्थ 'जपानचे बुडणे'. नव्या शीर्षकात जपान उरलाच नाही. भर पडली ती लॉर्न ग्रीन यांच्या नव्याने चित्रित केलेल्या प्रसंगांची. त्यांत ते अमेरिकी राजदूत आहेत.