रुखवत तुझ्या हातचं

सावंतवाडी

चि. ताईस,


कार्यालयवाले भाड्याने रुखवत देतात, पण ते तुला नको, टेबल तूच मांडणार, हे वाचून मला फार बरं वाटलं. भाड्याची सुपारीची वरात आज तुझ्या लग्नात, उद्या आणखी कुणाच्या. तिच्यात तुझ्या घरचं काय असणार?

लग्न वैशाखात, म्हणजे हाताशी दोन महिने, त्यात तुझी नोकरी. म्हणून मोजक्या चार-पाच वस्तू कर, पण मन लावून कर. सप्तपदी हवीच. सात छोटे पाट, प्रत्येकावर मूठभर तांदळाची रास, राशीवर एक सुपारी. पाट मी इथल्या चितार आळीतून रंगवून आणते. तिथली लाकडी फळं तुला लहानपणी खरी वाटायची, एका केळ्याला तू चावलीही होतीस. ती फळं अजून माझ्याकडे आहेत. तीही टेबलावर ठेवू.

धान्याची नक्षी करणार असशील तर एक ऐक. माझ्या रुखवतात डाळ-तांदळाचा मोर होता. मी आणि तुझी आई पंधरा रात्री जागून एकेक दाणा खळीवर चिकटवत होतो. लग्न ज्येष्ठात, हवा ही अशी कोकणातली. खळ आतून वाळलीच नाही. आठव्या दिवशी मोराला बुरशी आली आणि दोन शेर धान्य उकिरड्यावर गेलं. अन्न टाकताना तुझ्या आजीचा चेहरा कसा झाला होता, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हा धान्य चिकटवू नकोस, मांड. पितळी परातीत रांगोळीसारखं ओतायचं: मसूर, मूग, तांदूळ, काळे उडीद. रंग त्यांचे त्यांनाच आहेत, वेगळे लावायला नकोत. लग्न आटोपलं की सगळं एकत्र करून खिचडी शिजव. तुझ्या नव्या घरातली पहिली खिचडी त्याच परातीतली होऊ दे.

थर्माकोल अजिबात आणू नकोस. २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, आणि नसती तरी मी हेच सांगितलं असतं. उंची हवी तर फराळाचे डबे उपडे घालून त्यांवर कापड पसर, आपोआप पायऱ्या होतात. मागे उंच, पुढे ठेंगणं. कापड विकत घेऊ नकोस. आजीची जांभळी नऊवारी तुझ्या आईच्या ट्रंकेत आहे. मधून विरली आहे, पण काठ शाबूत आहेत. विरलेला भाग आत दुमड आणि काठ पुढच्या बाजूला सोड. कापू मात्र नकोस.

फुलांत शेवंतीचा हट्ट धरू नकोस, ती थंडीतली. वैशाख मोगऱ्याचा. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणजे आदल्या दिवशीची फुलं सकाळच्या मुहूर्ताला मलूल होणार. त्याच पहाटेच्या कळ्या सांगून ठेव, ओल्या फडक्यात गुंडाळून ने आणि पाहुणे यायच्या सुमारास उघड. जेवणाच्या टेबलांवर मात्र फुलं नकोत. केळीचं पान, पाण्याचा पेला आणि वाढप्याचा हात एवढ्यांनाच तिथे जागा अपुरी पडते, शिवाय मोगऱ्यापुढे वरणभातावरच्या तुपाचा वास लागत नाही. विहिणीच्या पंगतीला दोन-तीन पानांभोवती मण्यांची महिरप कर, बास.

आता जरा अवघड बोलते. स्टीलचा सेट, मिक्सर आणि चांदीची भांडी टेबलावर मांडायचं अक्काच्या मनात आहे, असं तू लिहिलंस. तिला माझं नाव सांग आणि नाही म्हण. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी कितीतरी लग्नांत मी माणसांना रुखवतापाशी उभं राहून भांडी मोजताना पाहिलं आहे. त्या मोजणाऱ्यांत एखादी लग्नाची मुलगी असते, तिचा बाप असतो. त्यांच्या पोटात काय होत असेल, याचा विचार कर. तुला जे द्यायचं ते अक्काने घरी द्यावं. मुलीच्या घरच्या हातांना काय येतं, ते रुखवतात दिसावं. त्यांच्या कपाटात किती आहे, ते दिसायला नको.

आणि हे सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. जावईबापूंनाही बसव. सुपारीला मुंडावळ्या बांधायला पुरुषाच्या बोटांना काही होत नाही. लग्नाआधी मी आले की घरच्या टेबलावर एकदा पूर्ण मांडून बघ, फोटो काढ आणि खोक्यांवर क्रमांक घाल. त्या सकाळी तू गौरीहरापाशी बसलेली असशील, मांडणार तुझा भाऊ. फोटो बघून त्याला जमलं पाहिजे.

अनारसे आणि चिरोटे अक्का करेल. मुरडीच्या करंज्या मात्र तुम्ही दोघींनी करायच्या नाहीत. मुलीने सासरहून मुरडून परत यावं म्हणून त्या करतात, आणि त्या मीच करणार. एकवीस करते. चार दिवस आधी पोचते. टेबलावर उजव्या कोपऱ्यात एका ताटाची जागा मोकळी ठेव.

तुझी,
मावशी