टर्बोचार्जरसाठी घरगुती उष्णतारोधक पत्रा

डिझेल जीपच्या टर्बोचार्जरवर कारखान्याचा एक पत्रा असतो. तो गंजून पडला की "त्यावाचून चालते" असे पुष्कळजण म्हणतात. आम्ही म्हणतो, चालत नाही. कारण पाहू.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने टर्बोचे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. भर ओझ्यावर हा धूर ६०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. डिझेल मात्र सुमारे २१० अंशांवर ठिणगीवाचून पेटते. जवळची नळी गळाली किंवा तेथे पेंढ्याचा भुसा साचला, तर गाडी जाईल आणि खळ्यातील पीकही जाईल.

पत्रा असा करावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीची वायर सोडावी. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर लावून पाहावा. त्याबरहुकूम स्टेनलेस स्टीलचा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून त्याच्या कडा दुमडाव्यात. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, म्हणून ते येथे नको. पत्रा टर्बोला चिकटवू नये; मध्ये बोटभर फट ठेवावी, कारण खरे काम त्या हवेचे आहे. टर्बोला नवे भोक पाडू नये. जुन्याच बोल्टवर पट्टी बसवून पत्रा घट्ट करावा. तो तेलाच्या नळीला घासत नाही ना, हे इंजिन चालू करून दुरूनच पाहावे. फटीतील भुसा सुगीच्या दिवसांत रोज, इंजिन थंड असताना, ब्रशने काढावा.

आता आरोग्याच्या दोन गोष्टी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंग करू नये. त्याचा पांढरा धूर छातीत गेला, तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. तसेच ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा जुन्या छपराचा तुकडा मुळीच वापरू नये. त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. फुकट मिळालेला तुकडा असा महाग पडतो.

शेवटी एक सवय लावून घ्यावी. चढ चढून किंवा ओझे ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. तेल फिरत राहते, टर्बो निवतो आणि बेअरिंग टिकते.