फॉरमॅटच्या आधी सेल बघ

अगं, 'विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. फोनवर तू जे वाचून दाखवलंस त्यात विंडोजचा संबंधच नाही. काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' आणि खाली 'एफ१ दाबून पुढे जा किंवा डिलीट दाबून सेटअपमध्ये शिर' एवढंच आहे ना? मग हार्ड डिस्क बहुतेक ठणठणीत आहे. मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल संपलाय. आणि त्या डिस्कवर तुझ्या दुकानाची सगळी वर्षं आहेत, दाखल्यांचे नमुने, लग्नपत्रिका, लोकांचे अर्ज. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला तो मजकूर एकदा पुसला गेला की नव्याने टाइप करायला कोण बसणार? म्हणून आधी मी सांगते ते ऐक.

मशीनला सुरू होताना काही गोष्टी आठवाव्या लागतात. तारीख काय, डिस्क कुठली, आधी कुणाकडून सुरू व्हायचं. १९८१च्या आयबीएम पीसीत त्यासाठी बोर्डावर बारीक स्विच असायचे, ते हातानेच वर-खाली करायचे. १९८४च्या पीसी-एटीत घड्याळाबरोबर चौसष्ट बाइटांची इवलीशी स्मृती, म्हणजे तुझ्या पडद्यावरचं ते सीमॉस, आली आणि ती जिवंत ठेवायला बॅटरी. तुझ्या पेंटियम फोरमध्ये तीच व्यवस्था चालत आलीय. बॅटरी गेली की मशीन सगळं विसरतं आणि कंपनीने भरून दिलेल्या ठोकळ सेटिंगवर उभं राहतं.

आता तुमच्या डोळखांबलाच हे लवकर का होतं, ते सांगते. भिंतीतलं बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायमधून थोडा प्रवाह बोर्डाला मिळत राहतो आणि सेलला काम पडत नाही. बटण बंद केलं किंवा लाइट गेली की सगळा भार सेलवर. तू रोज संध्याकाळी मेन बंद करून शटर ओढतेस, पावसाळ्यात लाइट तासन् तास नसते. विजांच्या भीतीने बटण बंद करणं बरोबरच आहे, ती सवय मोडू नकोस. सेल मात्र काही वर्षांनी बदलायचा, इतकंच.

सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असतं. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. शहापूरला घड्याळवाल्याकडे मिळेल. तो २०२५ द्यायला लागला तर घेऊ नकोस, तो पातळ असतो आणि खोबणीत सैल बसतो. बदलण्याआधी डिलीट दाबून सेटअपमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढ. काहीही बदलू नकोस, फक्त फोटो. मग वायर भिंतीतून उपसून काढ, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरव आणि पट्टी हलकेच दाबून सेल काढ. अधिकची खूण असलेली बाजू जशी होती तशीच वर ठेवून नवा बसव. कुणी ४८६च्या काळातलं मशीन आणलं, तर त्यात बोर्डाला डाख दिलेली नळीसारखी बॅटरी असते. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. ते काम तू अंगावर घेऊ नकोस.

सेल बसला की खरं काम सेटअपमध्ये. तारीख-वेळ पहिली, कारण साल चुकलं तर हिशेबाच्या नोंदी भलत्याच दिवशी पडतात आणि सुरक्षित वेबसाइट तोंड फिरवतात. (तसंही तुझ्या विंडोज एक्सपीवर इंटरनेट नकोच. मायक्रोसॉफ्टने त्याची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ला थांबवली. ते मशीन टायपिंग आणि छपाईलाच ठेव.) फ्लॉपी ड्राइव्ह नसेल तर तिथे 'नन' कर, नाहीतर रोज 'फ्लॉपी डिस्क फेल' म्हणून अडेल. यूएसबी कीबोर्ड लावला असशील तर यूएसबी कीबोर्ड सपोर्ट चालू कर. सेटअपमध्येच कळ दाबली जात नसेल तर कुणाचा तरी जुना गोल पिनचा कीबोर्ड तासाभरासाठी माग.

आणि फॉरमॅटवाल्याला जिथे संधी मिळते ती जागा म्हणजे साटा मोड. डिस्क आयडीई पद्धतीने चालवायची की एएचसीआयने, हे तिथे ठरतं. विंडोज ज्या पद्धतीत बसवलं ती बदलली की मध्येच निळा पडदा येतो, खाली 7B असा आकडा. माणूस घाबरतो. पण मोड पूर्वीसारखा केला की विंडोज जसंच्या तसं उघडतं. या एका ओळीपायी किती घरांतले फोटो पुसले गेले असतील, विचार केला तरी जिवाला लागतं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुका झाला असेल तर पॅरलल पोर्टही इथेच बघ. तो बंद पडलेला नसावा आणि मोड पूर्वीचाच असावा.

पडदा काळाच राहून नुसती शिट्टी आली, तर मात्र सेलचा दोष नाही. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब शिट्ट्या सारख्या येत राहिल्या तर रॅम. ज्या पावसावर तानसा आणि भातसा धरणं भरतात, तोच तुझ्या दुकानात ओल आणतो आणि रॅमचे दात मळतात. वायर काढून रॅमची पट्टी उपस, सोनेरी दात खोडरबराने हलके पुस, भुगा झटक, दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक' होईपर्यंत दाबून बसव.

बायॉस अपडेट करू, असं कुणी सुचवलं तर ठाम नकार दे. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, आणि तुझ्याकडे लाइटचा काय भरवसा?

मशीन उघडलं की गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी माझं एक कर. श्रीलिपीच्या सगळ्या फाइली आणि त्यांचे फॉन्ट, दोन्ही पेनड्राइव्हवर घे. फॉन्ट नसेल तर दुसऱ्या मशीनवर त्या फाइली निव्वळ गिचमिड दिसतात. जुन्या यूएसबीला वेळ लागेल, लागू दे. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर तेच परत घे आणि तो घरी आईच्या कपाटात ठेव. सेटअपचे फोटो मला पाठव, साटा मोडची ओळ मी इथून बघून सांगते.