नव्या घराची वीज : वायरमन येण्याआधी आपण काय ठरवायचं?

मैत्रिणींनो, घरकुलाचा हप्ता आला की आपली सगळी धावपळ विटा, वाळू, सिमेंट आणि स्लॅबसाठी होते. विजेचं काम मात्र "वायरमन बघून घेईल" म्हणून शेवटावर जातं. गिलावा झाल्यावर लक्षात येतं, ओट्यापाशी मिक्सरला पॉइंटच नाही. मग एका बोर्डाला दोन-तीन एक्स्टेंशन लोंबकळतात आणि तिथूनच धोका सुरू होतो.

वायरिंग आपण करायची नाही, ते काम परवाना असलेल्या वायरमनचंच. पण कुठे काय लागणार, हे घरात दिवसभर वावरणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक असतं? म्हणून हा धडा.

फ्यूज कोणाला वाचवतो?

बऱ्याच जणींना वाटतं, फ्यूज टीव्ही-फ्रिज वाचवण्यासाठी असतो. खरं तर तो सगळ्यात आधी भिंतीतल्या तारेला वाचवतो. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त वीज गेली की ती तापते, वरचं आवरण वितळतं आणि आग लागते. त्याआधीच फ्यूजची बारीक तार वितळून वीज तोडते. हल्ली फ्यूजऐवजी एमसीबी बसवतात. त्याचं बटण आपोआप खाली पडतं.

म्हणून एमसीबी तारेच्या जाडीवरून ठरतो. साधारण हिशेब असा :

- दिवे-पंखे : 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची तार, 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी.
- मोठ्या पिनेचे पॉवर पॉइंट : 2.5 चौरस मिलिमीटर तार, 16 अँपिअरचा एमसीबी.

"सारखा पडतो, मोठा टाकून द्या" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हीही तीच चूक. एमसीबी पडतो म्हणजे तो आपल्याला काहीतरी सांगतोय.

लोड कसा मोजायचा?

प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. आपल्या घरात वीज 230 व्होल्टची. वॅटला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात.

सकाळची घाई डोळ्यांसमोर आणा. इंडक्शन शेगडी 2000 वॅट, गीझर 2000, इस्त्री 1000, मिक्सर 750. एकूण 5750 वॅट, म्हणजे 25 अँपिअर. हे सगळं एकाच 16 अँपिअरच्या सर्किटवर असेल, तर थोड्या वेळात एमसीबी पडणारच. आता तिथे कोणी 32 चा एमसीबी बसवला असं समजा. 25 अँपिअरला तो पडणार नाही, पण भिंतीतली 2.5 ची तार मात्र आतल्या आत भाजत राहील. बाहेरून काहीच दिसणार नाही.

यावर उपाय एकच, सर्किट वेगळी करा. कालव्यातून जशा शेताशेताला चाऱ्या निघतात, तसं मेन बोर्डातून निघणारं एकेक सर्किट. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या घराला अशी वाटणी चांगली :

1. खोल्यांचे दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल चार्जिंग.
2. स्वयंपाकघर आणि ओसरीचे दिवे. एक बाजू बंद पडली तरी घरभर अंधार नको.
3. ओट्यावरचे पॉवर पॉइंट.
4. फ्रिज आणि इस्त्री.
5. गीझरला स्वतंत्र.
6. पाण्याची मोटर किंवा घरगुती गिरणी असेल तर तिलाही स्वतंत्र.

आज गीझर नसला तरी त्याचा पाइप भिंतीत आत्ताच टाकून ठेवा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. गिरणी, मसाला कांडप असा धंदा करायचा असेल तर बिलावरचा "मंजूर भार" बघा. लोड त्याच्या वर जाणार असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज करून तो वाढवून घ्या. धंद्याला कोणता दर लागेल तेही तिथेच विचारा.

मग माणसाला कोण वाचवतं?

हा भाग नीट वाचा. 6 अँपिअर म्हणजे 6000 मिलिअँपिअर. अंगातून त्याच्या कितीतरी कमी वीज गेली तरी जीव जाऊ शकतो. म्हणजे शॉक बसलेल्या माणसासाठी एमसीबी पडेलच, असं नाही. माणसासाठी दोन गोष्टी लागतात :

अर्थिंग. बोर्डातलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्यामागे हिरवी तार हवी आणि ती जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत पोचलेली हवी. अर्थिंग नळाच्या पाइपला जोडू देऊ नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. मिक्सर किंवा इस्त्रीची तिसरी पिन कधीही तोडू नका.

आरसीसीबी. हा 30 मिलिअँपिअरचा घ्या. वीज वाट सोडून अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात तोडतो. त्यावर तपासणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली तर यंत्र चालू आहे. गेली नाही तर लगेच वायरमनला बोलवा.

पैसे कमी पडले तर शोभेचे दिवे नंतर लावा, फॅन्सी बटणं नंतर घ्या. पण या दोन गोष्टी सोडू नका.

वायरमनला सांगायच्या पाच गोष्टी

- तार, बटणं, एमसीबी सगळं आयएसआय खुणेचं आणि पक्क्या बिलाचं.
- बटण फेजच्या तारेवरच. न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते.
- गीझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर.
- ओट्यावरचे पॉइंट नळ आणि शेगडीपासून लांब.
- प्रत्येक एमसीबीखाली "ओटा", "गीझर", "मोटर" असं मराठीत लिहा. अडचणीच्या वेळी घरातल्या कोणालाही कळलं पाहिजे.

काम संपल्यावर टेस्ट रिपोर्ट मागा. नव्या कनेक्शनला तो लागतोच. गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

गटाच्या बैठकीत करा

ज्या ताईंचं बांधकाम चालू आहे त्यांच्या घराचा नकाशा कागदावर काढा. कोणती वस्तू कुठे ठेवणार ते लिहा, वॅटची बेरीज करा आणि सर्किट वाटा. जुन्या घरात राहणाऱ्या जणींनी घरी जाऊन एवढंच बघा : आपल्या बोर्डात आरसीसीबी आहे का? फ्यूजमध्ये कोणती तार आहे? पुढच्या बैठकीत प्रत्येकीने उत्तर सांगायचं. ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही, त्यांची यादी करून गटाने एकत्र खरेदी करायची का, तेही ठरवा.